वीतभर हवा

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
माझे वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे.
निवृत्ती हरपळे. पाटीवर एवढंच.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर हिंगमिरे आले,
खडकीच्या कारखान्यातून मुदतीआधी बाहेर पडलेले,
म्हणाले, घागरा शिवायचाय.
वडील म्हणाले, लेडीज टेलर पुढच्या गल्लीत.
"बेचाळीस फूट घेराचा," हिंगमिरे म्हणाले,
आणि पिशवीतून काढलं विलायती मासिकाचं पान:
मोटारी पोटात घेऊन समुद्रावरून निघालेलं
एक फुगीर जनावर, कमरेला काळी झालर,
खाली ना चाकं, ना पाणी कापणारी नाळ.
"हॉवरक्राफ्ट. जमिनीला टेकत नाही, पाण्यालाही नाही.
वीतभर हवेवर बसतं."
वडिलांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं,
शिवण कुठे येते, एवढंच विचारलं.

त्या हिवाळ्यात घराला रबरी कापडाचा वास होता.
भातालासुद्धा.
मी नऊ वर्षांची. दोऱ्याला मेण लावून द्यायची,
आणि शाळेत सांगायची, आमचे बाबा
तळ्यात आणि मळ्यात एकदम चालणारी गाडी करताहेत.
शकू ताम्हाणे म्हणाली, मग ती आउट.
रेघेवर उभा राहतो तो आउट.

खडकवासल्याच्या मागच्या अंगाला, एका रविवारी,
इंजिन सुरू झालं तशा आधी म्हशी पळाल्या,
मग भजीवाल्याचं गिऱ्हाईक.
घागरा सावकाश भरला, पोटुशी बाईसारखा,
आणि ती उठली.
खरंच उठली.
चिखलावरून पाण्यात गेली तेव्हा
काठ कुठे संपला ते तिला कळलंही नाही.
लोक टाळ्या वाजवत होते. माझा हात घट्ट धरून
वडील फक्त शिवणीकडे बघत होते.

पुढची अडीच वर्षं हिंगमिऱ्यांची पत्रं,
महापालिकेला, पाटबंधारे खात्याला:
संगम ते मुंढवा, माणशी दोन रुपये,
जलपर्णीची अडचण नाही, उथळ पाण्याची नाही.
एक साहेब आले. कानात बोटं घालून बसले,
उतरल्यावरही बराच वेळ ओरडून बोलत राहिले,
लिटरला किती जाते ते विचारलं, आणि गेले.
त्यात वारा. बाजूने आला की ती
निघायची मुंढव्याला आणि लागायची कुणाच्या उसात.
त्यात बाभळी. काठावरची एक पुरे.
दर खेपेला वडील गाळात उताणे, तोंडात सुई.
"पेट्रोलपेक्षा तुमचा दोरा महाग पडतोय, हरपळे,"
हिंगमिरे हसून म्हणायचे.
मग नुसतं म्हणायचे.

तिकडे समुद्राखालून बोगदा निघाला,
आणि दोन हजार साली ती मोठी जनावरं
किनाऱ्यावर बसली ती बसलीच.
मी पेपरातून वाचून दाखवलं.
"घागरे कोण शिवायचं, ते लिहिलंय?"
लिहिलं नव्हतं.

आमचा घागरा तुकड्यातुकड्याने गेला,
स्कूटरवर, कोळशाच्या पोत्यांवर,
कोंढव्याच्या एका रसवंतीच्या छपरावर.
आता नदीवरून मेट्रो जाते. खांबांवरून,
चांगली पन्नास फूट हवा सोडून,
आणि एकही टाका न घालता.

गेल्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले.
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून
हवेची गादी आणली, भाड्याने.
पंप रात्रभर घरघरायचा,
एक कप्पा भरायचा, एक रिकामा व्हायचा.
"किती वर आहे मी?" त्यांनी विचारलं.
गादीखाली हात घालून पाहिला. चार बोटं.
वीतभर, मी म्हटलं.

मग त्यांची उजवी बोटं गादीच्या कडेने निघाली,
शिवणीवरून, थांबत थांबत,
जिथवर हात पोचला तिथवर.
"इथे एक टाका सैल आहे," म्हणाले.
"मेण दे."